५२ मधून २७ गेले, मग ३५ कसे उरले?

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली आणि सांगलीच्या, कर्नाटक सीमेवरच्या जत तालुक्यात शाळा मिळाली, की पहिल्याच प्रशिक्षणात ऐकायला मिळतं: प्रत्येक मूल आपल्या गतीने शिकतं. पटतंही. शाळेत यावं तर शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने ६० पटापर्यंत दोन शिक्षक, म्हणजे तिसरी-चौथी एकट्याच्या गळ्यात. प्रत्येक पोराचं वेगळं टाचण कोण काढणार? काढूच नका. मी नव्या शिक्षणसेवकांना एवढंच सांगते, की गणित तपासताना पोराला विचारा, "हे कसं केलंस रे?"

फळ्यावर ५२ वजा २७ लिहा. निम्म्या वह्यांत २५ येईल, बऱ्याच वह्यांत ३५. सगळ्या ३५ वर सारखीच लाल फुली मारून मोकळं होता येतं. पण विचारलं की एक जण सांगतो, "दोनातून सात जात नाहीत बाई, म्हणून सातातून दोन घालवले." याला दशक सुटा करणं कळलेलंच नाही. दुसरी म्हणते, "एक दशक सुटा केला, बारातून सात गेले, राहिले पाच." इथवर झकास. मग पाच दशकांतून तिने सरळ दोन घालवले, कारण पाचाचे चार करायचे राहून गेले. उत्तर तेच, ३५. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे द्या, रबर काढून गठ्ठा स्वतःच्या हाताने सोडू द्या, आठवडा गेला तरी जाऊ द्या. दुसरीला काड्या देणं म्हणजे तिचा वेळ खाणं. तिने पाचावर काट मारून वर चार लिहायची सवय लावली की झालं.

तिसरा प्रकार आमच्या सीमेवरचा. फळ्यावरचं गणित बरोबर सोडवणारं पोर तोंडी सांगितलं की चुकतं. "बावन्न" म्हटलं की २५ लिहितं. घरात कन्नड. कन्नडात पंचवीसला इप्पत्तैदु, आधी वीस, मग पाच; लिहितानाही तोच क्रम. मराठीत पाच आधी ऐकू येतात. या पोराला वजाबाकी पुन्हा शिकवून काय उपयोग? त्याला संख्या ऐकून मणीमाळेवर दाखवायचा सराव हवा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असं वाचन आलं तेव्हा केवढी चेष्टा झाली होती! आमच्या जतमधल्या उमदी-संखकडच्या वर्गात महिनाभर बसलेल्या माणसाने ती केली नसती.

अशा चुका कळल्या की गट आपोआप पडतात. वाचनाचे वेगळे (अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट), गणिताचे वेगळे. वाचनात मागे असलेली पोरगी गणितात पुढच्या गटात बसलेली वर्गाला दिसली पाहिजे. पंधरा दिवसांनी गट मोडा. कायमचा गट पडला की पोरं त्याला 'ढ' म्हणायला लागतात, आणि मग तो तसाच राहतो. एका गटाजवळ आपण बसायचं, बाकीच्यांना आपल्याशिवाय जमेल असंच काम द्यायचं. हे जमायला मला वेळ लागला, तुम्हालाही लागेल.

डी.एड.च्या वहीतलं 'हा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी' मात्र बाजूला ठेवा. २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं. शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. पोराला फळा दिसतो का, हाक ऐकू येते का, हे आधी बघा.

फरशीवर आकडे-अक्षरं रंगवून पोरांना स्वतः करत शिकू देणाऱ्या साताऱ्याच्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जायचे. परत येऊन बऱ्याच जणांनी सगळ्यात आधी फरशी रंगवली. फरशी रंगवायला पेंटर मिळतो. तिच्यावर बसून पोर काय करतंय हे बघायचं काम आपलंच.

दिवाळी झाली की काही पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, कुणी वाळव्याकडे, कुणी कर्नाटकात. गुढीपाडव्याच्या सुमारास परत येतात. हजेरीपटावर ती चौथीतच असतात, गणित मात्र दिवाळीपाशी थांबलेलं. टोळी निघायच्या आधी वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहून द्या: "परिच्छेद वाचतो. दशक सुटा करतो, पण कमी करायला विसरतो." फडाजवळच्या शाळेत घातलं तर तिथल्या गुरुजींना त्या उपयोगी पडतील. कुठेच घातलं नाही, तरी तो परतल्यावर पहिलीपासून उजळणी घ्यायची गरज नाही. त्या ओळीपासून धरा. आणि वही हरवणार हे धरून ते पान आपल्याही नोंदवहीत उतरून ठेवा.