सुप्रमाची वेळ येण्यापूर्वी: मोठ्या प्रकल्पांच्या किंमतवाढीचा हिशेब कसा ठेवावा

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर होत असलेल्या गोसीखुर्द धरण प्रकल्पाला 1983 मध्ये पहिली प्रशासकीय मान्यता मिळाली, तेव्हा त्याची किंमत 372 कोटी रुपये होती. 2016 मधील सुधारित मान्यतेत ती 18,494 कोटी झाली. अशा वाढीचे खापर बहुधा महागाईवर फोडले जाते, म्हणून आधी एक साधे गणित करून पाहावे. दर वर्षी 8 टक्के भाववाढ सलग 33 वर्षे धरली तरी मूळ रक्कम साडेबारा पटींच्या आसपास, म्हणजे सुमारे 4,700 कोटींपर्यंत जाते. शिवाय जो खर्च आधीच्या वर्षांत झाला तो जुन्या भावाने झालेला असल्यामुळे प्रत्यक्ष आकडा त्याहूनही कमी भरायला हवा. उरलेली वाढ कुठून आली, हे महागाईचे नाव घेऊन कळत नाही.

किंमत वाढली की सुधारित प्रशासकीय मान्यतेचा, कार्यालयीन बोलीत ‘सुप्रमा’चा, प्रस्ताव जातो आणि त्यासोबत वाढीच्या कारणांचा तक्ता जोडला जातो: दरसूचीतील (सरकारी दरांच्या यादीतील) बदल, भूसंपादन, व्याप्तीतील बदल, संकल्पनातील (डिझाइनमधील) बदल, अपुऱ्या तरतुदी, आस्थापना खर्च आणि इतर. तक्ता चांगला आहे, फक्त तो पैसे खर्च होऊन गेल्यावर तयार होतो, आणि तोवर ‘इतर’ या रकान्यात बरेच काही मुरलेले असते. हाच तक्ता कामाच्या पहिल्या महिन्यापासून खतावणीसारखा चालवावा आणि मूळ अंदाजपत्रकापासून दूर गेलेला प्रत्येक रुपया त्याच महिन्यात एखाद्या रकान्यात टाकावा, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे. पुढील सूचना त्या रकान्यांना धरून आहेत.

‘अपुऱ्या तरतुदी’ हा रकाना मान्यतेपूर्वीच भरला जात असतो. मान्यता पदरात पडावी म्हणून किंमत कमी दाखवण्याचा मोह असतोच. पण प्रामाणिक माणूसही आपल्या कामाबाबत आशावादी असतो, हे डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच दाखवून दिले होते. यावरचा उपाय असा की, स्वतःच्या अंदाजपत्रकाकडे पाहण्यापूर्वी त्याच प्रकारची, पूर्ण झालेली दहा-बारा कामे घ्यावीत, प्रत्येकाची पहिली मान्य किंमत आणि अखेरची किंमत यांचे गुणोत्तर काढावे व आपला आकडा त्या रांगेत कुठे बसतो ते पाहावे. दहापैकी आठ कामे दीडपटीच्या पुढे गेली असतील, तर आपले काम अपवाद ठरण्याचे कारण कागदावर मांडता आले पाहिजे. ते मांडता येत नसेल तर तरतूद वाढवावी.

संकल्पनाच्या बाबतीत नियम सोपा आहे: नकाशे पूर्ण होण्यापूर्वी काम सुरू करू नये. सिडनीच्या ऑपेरा हाउसचे काम 1959 मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याच्या कवचासारख्या छताची बांधणी कशी करायची हे ठरलेलेच नव्हते. 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज 1973 पर्यंत 10 कोटी 20 लाखांवर गेला. आपल्याकडे हाच प्रकार पायाच्या बोअरची, म्हणजे खडक तपासण्यासाठी घेतलेल्या छिद्रांची, संख्या वाचवण्यातून घडतो. चार बोअरचे पैसे वाचतात आणि खडक अपेक्षेपेक्षा खोल लागला की खोदाईचे परिमाण दुप्पट होते.

भूसंपादनाचा रकाना जमिनीच्या जुन्या भावांवर भरू नये. 2013 च्या कायद्याप्रमाणे ग्रामीण भागात बाजारमूल्याला 1 ते 2 या गुणकाने गुणून त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे मोबदला बाजारमूल्याच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. जमिनीची संयुक्त मोजणी (संबंधित खात्यांनी मिळून केलेली मोजणी) झालेली नसताना आणि वनजमिनीचा प्रस्ताव अडकलेला असताना कार्यारंभ आदेश (काम सुरू करण्याचा आदेश) दिला, तर कंत्राटदाराची यंत्रे उभी राहतात आणि पुढे लवादासमोर त्या उभ्या यंत्रांचे भाडे आपल्यालाच मोजावे लागू शकते. मुंबईच्या कुलाबा ते आरे या 33.5 किलोमीटरच्या भुयारी मेट्रोची किंमत 23,136 कोटींवरून 2022 मध्ये 33,405 कोटी आणि पुढे 37,276 कोटी झाली. त्याची कारणे अनेक होती. कारशेड (मेट्रोगाड्यांचा डेपो) आरेत की कांजूरमार्गला, हा वर्षानुवर्षे लांबलेला प्रश्न त्यांतले एक.

आता ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते त्या बाबीकडे येऊ. एकाच वेळी अनेक कामे सुरू करून प्रत्येकाला थोडा थोडा निधी देण्याची आपली जुनी सवय आहे. समजा, एका धरणाचे उर्वरित काम 1,000 कोटींचे आहे, वार्षिक तरतूद 50 कोटींची आहे आणि भाववाढ 6 टक्के आहे. पहिल्या वर्षअखेर 50 कोटींचे काम होईल आणि उरलेले 950 कोटींचे काम 1,007 कोटींचे होऊन बसेल. काम चालू आहे, देयके निघत आहेत, आणि प्रकल्प पूर्णत्वापासून दूर जातो आहे. म्हणून दर वर्षी उर्वरित किमतीला भाववाढीच्या दराने गुणून येणारी रक्कम वार्षिक तरतुदीशेजारी लिहावी. तरतूद तिच्यापेक्षा कमी असेल, तर नवीन निविदा काढण्याऐवजी एखादा टप्पा पूर्ण करून वापरात आणणे किंवा काही कामे रीतसर थांबवणे, हेच मार्ग उरतात. थांबवलेल्या कामाच्या गावात हे सांगणे कठीण असते, हे मान्य आहे.

व्याप्तीतील बदलांसाठी वेगळी नोंदवही ठेवावी. कालव्याला एक वितरिका (उपकालवा) वाढली, पूल रुंद झाला, गावकऱ्यांच्या मागणीने रस्ता वळवला, असे बदल अनेकदा योग्यही असतात. मात्र खर्च, लागणारी मुदत आणि मंजुरी देणाऱ्याची सही, या तिन्ही गोष्टी नोंदल्याशिवाय जागेवर काम सुरू होऊ देऊ नये. तोंडी आदेशावर झालेले काम नंतर मोजमाप पुस्तिकेत कोणत्या बाबीखाली घ्यायचे, या प्रश्नातून अतिरिक्त बाबींचे, म्हणजे मूळ निविदेत नसलेल्या कामांचे, दर जन्माला येतात, आणि ते दर स्पर्धेतून ठरलेले नसतात.

मासिक बैठकीत ‘किती टक्के खर्च झाला’ असे विचारू नये, ‘पूर्ण होईपर्यंत किती लागेल’ असे विचारावे. 200 कोटींच्या कामावर 100 कोटी खर्च झाले आणि मूळ दरांनी मोजल्यास प्रत्यक्षात 80 कोटींचेच काम झालेले आढळले, तर हाच वेग व हेच दर राहिल्यास अखेरची किंमत 250 कोटी होईल. हा आकडा निम्म्या वाटेवर कळला तर व्याप्ती कमी करता येते किंवा टप्पे पाडता येतात. 190 कोटी खर्च झाल्यावर कळला तर पुढचे पैसे मागणे एवढेच हाती राहते. आकस्मिक खर्चाची तरतूद प्रकल्प चालवणाऱ्याच्या हाती न ठेवता वरच्या अधिकाऱ्याकडे ठेवावी आणि खतावणीतील रकाना दाखवल्याशिवाय ती सोडू नये. ‘इतर’ या रकान्यासाठी तर ती मुळीच सोडू नये.