पॅच बसला, पण काम बिघडलं: स्टेबल कर्नलमधलं रिग्रेशन कसं निस्तरावं

नव्या लिनक्स कर्नलमधली (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) दुरुस्ती, म्हणजे पॅच, उचलून जुन्या स्टेबल शाखेत, म्हणजे दुरुस्त्या मिळत राहणाऱ्या जुन्या आवृत्तीत, आणणं म्हणजे बॅकपोर्ट. त्या दुरुस्तीपायी कालपर्यंत नीट चालणारं काही मोडलं, तर ते रिग्रेशन. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत होते.

१. दोन आकडे पक्के करा: शेवटचं चांगलं व्हर्जन आणि पहिलं बिघडलेलं. ‘अपडेटनंतर मशीन विचित्र वागतंय’ एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही. कॉन्फिग, म्हणजे कर्नल बनवतानाच्या निवडी, दोन्हीकडे तीच ठेवा. डिस्ट्रोवाले, म्हणजे डेबियनसारखं तयार लिनक्स पुरवणारे, स्वतःचे पॅच घालतात, म्हणून तपासणी मूळ स्टेबल कर्नलवर करा.

२. त्या दोन व्हर्जनांमध्ये ‘गिट बायसेक्ट’ चालवा; ते दरवेळी मधला कमिट (कोडमधला नोंदवलेला एक बदल) तपासायला देऊन शोध निम्म्यावर आणतं. हजार कमिट असले तरी दहाएक फेऱ्यांत दोषी सापडतो. कंटाळवाणं काम आहे, पण अंदाजाने पॅच काढत बसण्यापेक्षा कधीही बरं.

३. आता मेनलाइन, म्हणजे लिनस टोरवाल्ड्सची मुख्य शाखा, चालवून पाहा. तिथेही तेच बिघडलं असेल तर मूळ पॅचच चुकलाय; तो आधी तिथे सुधारायला हवा. मेनलाइन ठणठणीत असेल तर बॅकपोर्ट करताना काहीतरी मागे राहिलंय.

४. मागे काय राहिलं ते शोधा. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस ६.१.६४ कर्नलमध्ये एक्स्ट४ या फाइलसिस्टीमचा (डिस्कवर फाइली मांडणारी व्यवस्था) एक पॅच आला. जुन्या कोडशी कॉन्फ्लिक्ट (टक्कर) नाही, कंपाइलही झाला. डायरेक्ट रायटनंतर (मेमरीतल्या कॅशला वगळून थेट डिस्कवर लिहिणं) त्यातलं फंक्शन, किती बाइट लिहिले तो धन आकडा परत द्यायचं. मेनलाइनमधल्या आयोमॅपला, म्हणजे फाइलसिस्टीमसाठी असं वाचन-लेखन हाताळणाऱ्या कर्नलमधल्या कोडला, ते समजत होतं, कारण तिथे आधीच एक छोटा पॅच गेला होता. ६.१ मधला जुना आयोमॅप मात्र शून्य आलं तरच सगळं ठीक मानायचा. त्यामुळे फाइलमधली लिहिण्याची जागा पुढे सरकायचीच नाही, आणि पुढचं लिखाण आधीच्याच बाइटांवर चढायचं. चक्क डेटा खराब! डेबियनने १२.३ च्या इन्स्टॉल करायच्या इमेज रोखल्या आणि १० डिसेंबरला थेट १२.४ काढलं.

म्हणून पॅच नुसता बसला यावर समाधान मानू नका. तो ज्या फंक्शनांना बोलावतो आणि त्याला जी बोलावतात, ती दोन्ही शाखांत शेजारी ठेवून वाचा. परत येणाऱ्या व्हॅल्यूचा अर्थ, लॉक कोण घेतं, मेमरी कोण सोडतं, फरक बहुधा इथेच दडलेला असतो. शिवाय मेनलाइनच्या लॉगमध्ये त्या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) ‘फिक्सेस’ ओळीत, म्हणजे कुठला जुना कमिट दुरुस्त केला ते सांगणाऱ्या ओळीत, कुठे येतो का, तेही बघा. पुढची दुरुस्ती आयतीच मिळू शकते.

५. राहिलेला पॅच आणायचा की आणलेला मागे घ्यायचा? ६.१.६६ मध्ये आयोमॅपचा तो छोटा पॅच आणून एक्स्ट४चं भागलं. त्याच ६.१.६६ मधल्या वायफायच्या एका पॅचने मात्र काहींची मशिनं अडकू लागली, आणि ६.१.६७ निव्वळ तो रिव्हर्ट करण्यासाठी, म्हणजे मागे घेण्यासाठी, काढावं लागलं. माझं मत विचाराल तर कारण दोन-चार तासांत कळलं नाही की रिव्हर्ट. फक्त तो पॅच सुरक्षेचा असेल तर रिव्हर्टने जुनं भोक पुन्हा उघडतं, हे आधी तपासा.

६. स्टेबल आणि रिग्रेशन्स या दोन्ही मेलिंग लिस्टवर कळवा: दोन व्हर्जन, दोषी कमिट, मेनलाइनची स्थिती. पुढच्या व्हर्जनचं आरसी, म्हणजे तपासणीसाठीचं आधीचं रूप, आलं की साधारण ४८ तास मिळतात. तेवढ्यात आपलं मशीन त्यावर चालवून पाहा आणि चाललं की नाही, ते त्याच धाग्यात लिहा.