पद्मिनीची कॉईल आणि माझा पहिला महिना

आयटीआयचा दाखला घेऊन मी पुण्यात जुन्या गाड्यांच्या एका गॅरेजात लागलो, तेव्हा प्लगला ठिणगी पुरवणारी कॉईल म्हणजे काळा डबा, वर दोन बोल्ट आणि मधून निघणारी जाड वायर, एवढंच मला माहीत होतं. पहिल्याच महिन्यात एक प्रीमियर पद्मिनी आली. मिसिंग करायची, गरम झाली की बंद पडायची. कॉईल गेली होती. उस्ताद बाहेर गेले होते. मी फळीवरून तेवढ्याच उंचीची, वर १२ व्होल्ट लिहिलेली कॉईल काढून बसवली. गाडी अर्ध्या सेल्फवर सुरू झाली, पिकअपही आधीपेक्षा बरा वाटला. गिऱ्हाईक खूश, मी त्याहून खूश.

संध्याकाळी फोन आला, गाडी कात्रजच्या घाटात उभी आहे.

उस्तादांबरोबर गेलो. बॉनेट उघडल्या उघडल्या डांबरासारखा वास आला. कॉईलच्या टोपीखालून तेल झिरपलं होतं आणि डब्याला हात लावण्याची सोय नव्हती. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं तर पॉइंट, म्हणजे कॉईलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं, निळे पडलेले. उस्ताद एवढंच म्हणाले, “मीटर लावला होतास का रे?” नव्हता लावला. गॅरेजला आणून कॉईल मोजली, १.५ ओहम. पट्टा सैल केला तेव्हा त्याच्याखाली दडलेली छापील ओळ दिसली : बाहेरच्या रेझिस्टरबरोबरच वापरा.

या कामात नवीन येणाऱ्याने आधी हेच समजून घ्यावं. पॉइंटवाल्या १२ व्होल्टच्या गाड्यांत साधारण दोन जातीच्या कॉईल भेटतात. एकीचं प्रायमरी वाइंडिंग (वरच्या दोन बोल्टांमधली तारेची गुंडाळी) ३ ओहमच्या आसपास असतं, ती थेट इग्निशनवर चालते. दुसरी १.५ ओहमच्या आसपास, तिच्या वाटेत तेवढ्याच ओहमचा, करंट आवरणारा बॅलास्ट रेझिस्टर लागतो. चालत्या गाडीत १४ व्होल्ट धरले, तर पहिलीतून पॉइंट मिटलेले असताना जास्तीत जास्त पावणेपाच अँपिअर जातात. दुसरी रेझिस्टरसकट तेवढेच घेते. रेझिस्टर नसला तर नवाच्या वर. माझ्या पद्मिनीत रेझिस्टर नव्हता. जोरदार ठिणगी बघून मी खूश झालो होतो, ती ठिणगी पॉइंट जाळून येत होती.

मग एवढा उपद्व्याप करायचाच कशाला? सेल्फसाठी. सेल्फ मारताना बॅटरी नऊ-दहा व्होल्टवर येते, थंडीत आणखी खाली. ३ ओहमच्या कॉईलला तेव्हा जेमतेम तीन अँपिअर मिळतात. बॅलास्टच्या गाडीत सेल्फ फिरत असेपर्यंत एक वेगळी वायर, बहुतेक वेळा सोलेनॉइडवरून (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचवरून) आलेली, रेझिस्टरला वळसा घालून बॅटरीचा करंट सरळ कॉईलला देते. सहाएक अँपिअर मिळतात. चावी सोडली की करंट पुन्हा रेझिस्टरमधून. अमेरिकन कंपन्या १९५५-५६ च्या सुमारास ६ वरून १२ व्होल्टवर गेल्या, तेव्हापासून ही जोडी तिकडे सर्रास दिसते.

या वळशामुळेच एक दुखणं चटकन ओळखता येतं. आमच्याकडे साठच्या दशकातली एक अमेरिकन गाडी टो करून आली. सेल्फ मारला की सुरू, चावी सोडली की ठप्प. मालकाने पेट्रोल पंप बदलला होता, कार्बोरेटर दोनदा खोलला होता. उस्तादांनी फायरवॉलवरच्या (इंजिनामागच्या पत्र्यावरच्या) चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्याकडे बोट दाखवलं. तोच रेझिस्टर. आतली तार तुटली होती. तपासण्यापुरती दोन टोकं वायरने जोडली, गाडी चालू राहिली. (ती वायर तशीच ठेवून गाडी घरी पाठवायची नाही. हे सांगावं लागतं, कारण मी ठेवणार होतो.)

नवीन रेझिस्टर म्हणून रेडिओवाल्याकडचा किडुकमिडुक तुकडा चालत नाही. चावी चालू, इंजिन बंद आणि पॉइंट मिटलेले असले तर त्या १.५ ओहमवर बारा व्होल्टच्या बॅटरीनेही चोवीस वॅट जळतात, कॉईलमध्ये तेवढेच. म्हणून तो पत्र्यावर, मोकळ्या हवेत बसवायचा, वायरच्या जुडग्याला टेपने बांधायचा नाही. आणि गाणी ऐकायला चावी चालू ठेवून बसायची सवय असेल तर ती जुन्या गाडीत मोडावी.

आता माझी दुसरी चूक, जी मला पहिलीपेक्षा जास्त टोचते. गाडीत रेझिस्टर आहे की नाही हे बघायला मी चावी चालू करून कॉईलच्या प्लसवर मीटर लावला. १२ व्होल्ट. म्हणजे रेझिस्टर नाही, असं ठरवून मोकळा झालो. उस्तादांनी इंजिन हाताने थोडं फिरवलं आणि मीटर सहाच्या आसपास उतरला. आधी पॉइंट उघडे होते! करंटच वाहत नसेल तर रेझिस्टर व्होल्ट कुठून खाणार? तेव्हा पॉइंट मिटवून मोजायचं किंवा कॉईलचा मायनस क्षणभर गाडीच्या बॉडीला टेकवून (अर्थ करून) मोजायचं. सहा-सात आले तर वाटेत रेझिस्टर आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो.

न दिसो म्हणतो, कारण काही ब्रिटिश गाड्यांत तो तुकडा नसतोच. रबर बंपरच्या एमजीबीमध्ये हार्नेसमधली (वायरच्या जुडग्यातली) एक वायरच रेझिस्टन्सची असते, गुलाबी-पांढरी. ती न ओळखता कुणी वरून आणखी एक रेझिस्टर लावतो, किंवा ३ ओहमची कॉईल बसवतो. मग सगळे मिळून साडेचार ओहम, करंट तीनवर, आणि ठिणगी कमजोर. यात काही जळत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं खपून जाते.

कॉईल मोजताना दोन्ही वायरी काढा, गार असताना मोजा, आणि आधी मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून बघा. आमचा मीटर तेव्हाच ०.३ दाखवतो. १.५ आणि ३ मध्ये त्याने गोंधळ होत नाही, पण इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या ०.७ वाल्या कॉईल फळीवर आल्या की होतो. त्या पॉइंटच्या गाडीला लावायच्याच नाहीत.

फळीवरच्या प्रत्येक कॉईलवर आता पांढऱ्या रंगाने ओहम लिहिलेले आहेत, माझ्याच अक्षरात. पॉइंट, कंडेन्सर आणि कॉईलचे पैसे उस्तादांनी माझ्या पगारातून कापले नाहीत. पद्मिनीवाले काका अजून आमच्याचकडे येतात. गाडी बंद केली की आधी बॉनेट उघडून कॉईलला हात लावून बघतात, आणि मग माझ्याकडे.