विद्यापीठाच्या नव्या अभियांत्रिकी इमारतीसाठी यांत्रिक व विद्युत सेवांचे नियोजन

दर चौरस मीटरला अमुक वॅट असा आकडा धरून कार्यालयाच्या इमारतीचा वीजभार बऱ्यापैकी काढता येतो. अभियांत्रिकी विभागाच्या इमारतीत मात्र एका भिंतीच्या अलीकडे दिवे-पंख्यांपलीकडे फारसे काही न लागणारा ड्रॉइंग हॉल आणि पलीकडे विद्युत भट्ट्यांची धातुशास्त्र प्रयोगशाळा असते, त्यामुळे सरासरीचा आकडा दोन्ही खोल्यांसाठी चुकतो. म्हणून आराखड्याची सुरुवात खोलीनिहाय माहितीपत्रकापासून करावी. त्यात प्रत्येक यंत्राची क्षमता, फेज, सुरू होतानाचा प्रवाह, थंड पाणी व दाबयुक्त हवेची गरज, बाहेर पडणारी उष्णता आणि वायू यांची नोंद असावी. शिवाय ते यंत्र कधी आणि कोणत्या यंत्रांबरोबर एकाच वेळी चालते हे आवर्जून विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या नेमप्लेटवर नसून वेळापत्रकात सापडते. संशोधन प्रयोगशाळेत दहा उपकरणे असली तरी सहसा दोन-तीनच एकत्र चालतात. याउलट विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेत तुकडी आली की सगळे लेथ एकदम सुरू होतात. दोन्हींना एकच डायव्हर्सिटी फॅक्टर (सगळी यंत्रे एकदम चालत नाहीत हे धरून एकूण भार ठरवणारा गुणक) लावल्यास एकीकडे ट्रान्सफॉर्मर विनाकारण मोठा होतो, तर दुसरीकडे फीडर (त्या भागाला वीज पुरवणारी मुख्य केबल) अपुरा पडतो.

वायुवीजनाचा हिशेब फ्यूम हूडपासून (घातक वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या, समोर सरकती काच असलेल्या कपाटापासून) सुरू करावा, कारण रसायने हाताळणाऱ्या प्रयोगशाळांत बहुधा तेच हवेचे प्रमाण ठरवतात. दीड मीटर रुंदीच्या हूडची सरकती काच ०.४५ मीटर उघडी ठेवून तोंडाशी सेकंदाला ०.५ मीटर वेग राखायचा झाल्यास तासाला सुमारे १,२०० घनमीटर हवा बाहेर फेकावी लागते. असे सहा हूड असतील तर तासाला ७,००० घनमीटरहून अधिक हवा बाहेर जाते, आणि ती पुन्हा खोलीत फिरवता येत नसल्याने जवळपास तेवढीच ताजी हवा थंड किंवा गरम करून आत आणावी लागते. ती आणण्याची सोय अपुरी राहिली तर दार उघडायला जोर लावावा लागतो आणि हूडची ओढही कमी पडते. काच खाली केल्यावर हवेचे प्रमाण आपोआप घटवणारी यंत्रणा सुरुवातीला महाग वाटते, पण चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) आणि एएचयू (हवा थंड किंवा गरम करून खोल्यांत पाठवणारे यंत्र) यांची क्षमता तिच्यावर अवलंबून असल्यामुळे तिचा निर्णय शेवटी खर्चकपातीच्या बैठकीत ढकलू नये. एक्झॉस्ट पंखा छतावर, डक्टच्या शेवटच्या टोकाला बसवावा, म्हणजे इमारतीतील संपूर्ण डक्ट ऋण दाबाखाली राहतो आणि एखादा जोड सैल झाला तरी दूषित हवा आत गळत नाही. बाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णता परत मिळवायची असेल, तर रसायनयुक्त हवेसाठी दोन्ही हवांच्या प्रवाहांतून फिरणाऱ्या उष्णता-चाकापेक्षा दोन कॉइलमधून द्रव फिरवणारी पद्धत सुरक्षित ठरते, कारण तीत दोन्ही हवा एकमेकींच्या संपर्कात येत नाहीत.

विद्युत वितरणात न्यूट्रलकडे (फेजमधील प्रवाह परत नेणाऱ्या तारेकडे) विशेष लक्ष द्यावे. संगणक आणि एलईडी दिव्यांमुळे निर्माण होणारे तिसरे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचे प्रवाह) तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकमेकांत मिळतात, त्यामुळे संगणक प्रयोगशाळेच्या न्यूट्रलमधून फेजपेक्षाही जास्त प्रवाह वाहू शकतो; तेथे अर्ध्या आकाराचा न्यूट्रल मुळीच चालणार नाही. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा आणि सूक्ष्म मापनाच्या खोल्या यांचे फीडर वेगळे ठेवावेत. विद्यार्थ्यांच्या टेबलांना ३० मिलिअँपिअरचे आरसीडी (गळती प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण) संरक्षण आणि दाराजवळ आपत्कालीन बटण द्यावे. मात्र त्या बटणाने टेबलांचाच पुरवठा तुटावा, दिवे आणि हूडचे पंखे सुरू राहावेत. इंजिन चाचणी कक्षात ऊर्जा परत पाठवणारा डायनॅमोमीटर (इंजिनावर भार टाकून त्याची शक्ती मोजणारे यंत्र) असल्यास डीजी सेटवर (डिझेल जनरेटरवर) चालताना ती ऊर्जा कोठे जाणार, हा प्रश्न आधीच सोडवावा, कारण जनरेटरला उलट शक्ती सोसत नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची जागा वास्तुविशारदाने खोल्यांची मांडणी पक्की करण्यापूर्वीच ठरवावी. कंपने आणि बदलते चुंबकीय क्षेत्र या दोन्हींचा त्याच्या प्रतिमेवर परिणाम होतो, म्हणून ही खोली तळमजल्यावर, लिफ्ट, ट्रान्सफॉर्मर आणि मोठ्या बसबारपासून (जास्त प्रवाह वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांपासून) दूर असावी. चिलर आणि पंप स्प्रिंगवर बसवल्याने कंपने कमी होतात, पण चुंबकीय क्षेत्रासाठी त्याचा काहीच उपयोग नाही. तेथे मुख्यतः अंतरच कामी येते.

दाबयुक्त हवेच्या नळांना उतार आणि सर्वात खालच्या टोकाला निचऱ्याची सोय द्यावी. द्रवरूप नायट्रोजन वापरणाऱ्या खोलीत ऑक्सिजन मापक बसवणे अनिवार्य मानावे: एक लिटर द्रवापासून सुमारे ७०० लिटर वायू तयार होतो आणि लहान खोलीतील ऑक्सिजन कोणतीही चाहूल न देता घटतो. हायड्रोजनचा शोधक छताजवळ, तर एलपीजीचा जमिनीलगत असावा.

प्रयोगशाळांचा वापर इमारतीच्या आयुष्यात अनेकदा बदलतो, म्हणून शाफ्टमध्ये (नळ, डक्ट व केबल मजल्यांमधून नेणाऱ्या उभ्या पोकळीत) आणि मुख्य वितरण फलकांत सुमारे २० ते २५ टक्के जागा मोकळी ठेवावी. यंत्रांची क्षमता आजच वाढवून ठेवण्यापेक्षा नंतर वाढवण्यासाठी जागा राखणे बहुधा शहाणपणाचे असते, कारण वाढीव चिलर अर्धवट भारावर अकार्यक्षमतेने चालत राहतो, तर रिकामा चौथरा वीज खात नाही.

हस्तांतरणापूर्वीच्या चाचण्या रिकाम्या इमारतीत, सर्व दारे बंद ठेवून घेतल्यास त्यांचे आकडे नेहमीच समाधानकारक येतात. म्हणून हूडच्या काचा उघडून, शेजारची दारे उघडझाप करत आणि हूडसमोरून माणसांची ये-जा चालू ठेवून तोंडाजवळचा वेग मोजावा. मुख्य पुरवठा प्रत्यक्ष तोडून डीजी सेट भार उचलतो का आणि पंखे ठरलेल्या क्रमाने परत सुरू होतात का, हे पाहावे. वातानुकूलनाची चाचणी उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात अशी दोनदा घेण्याची अट निविदेतच लिहावी, कारण काम पूर्ण झाल्यावर कंत्राटदाराला पुन्हा बोलावणे अवघड जाते.