सीबीसीतला इओसिनोफिल कसा वाचायचा

घरात दम्याचा पेशंट असला की सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशी मोजणीचा, कागद येतोच, आणि लोक त्यातल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीचा फक्त टक्का पाहतात. मी ३१ वर्षं नागपूरच्या धंतोलीतल्या लॅबमध्ये स्लाइड रंगवल्या. आता महाल भागात घरी बसलो, तरी गल्लीतले कागद माझ्याकडेच येतात.

परवा शेजारची सून नवऱ्याचा कागद घेऊन आली. इओसिनोफिल ५ टक्के, शेजारी छापलेली मर्यादा १ ते ६. "नॉर्मल आहे नं काका?" म्हटलं, वरची ओळ वाच. एकूण पांढऱ्या पेशी १२,०००. त्याचे ५ टक्के, ६००. ५०० च्या वर म्हणजे वाढलेलाच. उलट एकूण ५,००० आणि टक्का ८ असेल, तर ४०० च भरतात. 'अ‍ॅब्सोल्यूट काउंट' छापला असेल तर तोच धरा, नाहीतर गुणाकार करा. जुन्या, हट्टी दम्यात डॉक्टर महागडं इंजेक्शन ठरवताना ३०० कडेही बघतात.

रक्त देण्याआधी स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर ते कागदावर लिहवून घ्या. गोळीने या पेशी रक्तातून झपाट्याने उतरतात आणि आकडा फसवतो. सकाळपेक्षा रात्री त्या जास्त असतात, म्हणून तुलना करायची तर दर वेळी एकाच वेळेला रक्त द्या.

सूक्ष्मदर्शकाखाली ही पेशी ओळखायला सोपी: चष्म्यासारखं दोन भागांचं केंद्रक, भोवती नारिंगी दाणे. हे दाणे जंतांशी लढायला. दम्यात ते श्वासनळीतच फुटतात, आतलं अस्तर सोलतं, सूज येते, चिकट कफ साचतो.

आकडा ३,००० च्या वर आणि रात्रभर कोरडा खोकला, तर दम्याचा शिक्का मारण्याआधी डॉक्टरांना फायलेरियाचं विचारा. आपल्या विदर्भात हत्तीरोग आहे, आणि त्या खोकल्याचं औषध वेगळं.

आकडा नॉर्मल म्हणून दमा नाही, असंही नाही. काहींच्या नळीत न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी जास्त असतात. तिथे स्टेरॉइड कमी चालतं. फुंकायची चाचणी, स्पायरोमेट्री, करून घ्याच.

त्या सुनेचा नवरा नुसता सालब्युटामॉल ओढत होता. त्याने नळी उघडते, पेशी तिथेच राहतात. त्या शांत होतात स्टेरॉइडच्या पंपाने, रोज घेतला तर, आणि काही आठवड्यांनी. ओढून झालं की चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. हे तिला दोनदा सांगितलं.