मृगाच्या आत सांडवा मोकळा करा : डोंगरपट्ट्यातल्या जुन्या पाझर तलावांसाठी सल्ला

1972 च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीवर बांधलेले मातीचे पाझर तलाव आता पन्नाशीला आले. धडगाव-अक्कलकुव्याचे पाडे, शिरपूर-चोपडा-यावलचा सातपुड्याला टेकलेला भाग, साक्रीचा पश्चिमपट्टा, इथे वरच्या वस्त्यांपर्यंत यंत्र वेळेवर पोहोचत नाही. म्हणून 7-8 जूनच्या आत गावाच्या हाताने जे उरकता येईल, त्यातले पहिले काम सांगतो : सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी भरावाला वळसा घालून बाहेर जाते ती वाट.

मातीच्या भरावावरून पाणी गेले की तो वाचत नाही. पाणी बाहेरचा उतार पायथ्याकडून कातरत वर येते, माथा तुटतो आणि साठलेले सगळे पाणी एकदम सुटते. खालच्या शेतात कापूस असो की केळी, पिकाबरोबर कसदार मातीही जाते. हे ज्या सांडव्याने टळायचे, तोच आपण बुजवतो. रब्बीला एक पाणी जास्त मिळावे म्हणून सांडव्याच्या उंबऱ्यावर (पाणी जो काठ ओलांडते त्यावर) पोती रचतो, मासे अडवायला जाळी बांधतो, ट्रॅक्टर काढायला मुरूम टाकतो.

हिशेब बघा. 10 मीटर रुंद सांडव्यावरून 60 सें.मी. उंचीचे पाणी वाहत असेल, तर सेकंदाला साधारण 8 घनमीटर निघून जाते. त्यावर 30 सें.मी. पोती रचली, की तलावाची पातळी तेवढीच असताना 3 घनमीटरही जात नाही. निम्मी उंची अडवली आणि वाट तिसऱ्या हिश्श्यावर आली. उरलेला लोंढा भरावाच्या माथ्याकडे चढतो, आणि डोंगरातला पाऊस तासाभरात नाला भरतो.

पोती, जाळी, बेशरम, वेडी बाभूळ, सगळे काढा, सांडव्याच्या खालची वाटसुद्धा नाल्यापर्यंत साफ करा. मग पारदर्शक नळीत पाणी भरून उंबरा आणि माथा यांची पातळी काढा. पुराच्या 60 सें.मी. वर आणखी निदान 1 मीटर कोरडा माथा हवा. माप माथ्याच्या सर्वांत खचलेल्या जागी घ्या. ती जागा बहुतेक गाडीवाटेवर किंवा जुन्या नाल्याच्या पात्रावर सापडते, कारण पात्रावर भराव सर्वांत उंच असतो आणि जास्त बसतो.

खचलेला माथा भरताना नुसती माती ओतू नका, पहिल्याच पावसात ती घसरते. वरचे गवत-मुळ्या खरवडा, जुन्या उतारात 30 सें.मी. रुंदीच्या पायऱ्या कापा, पाणी शिंपडा, 15 सें.मी.चा थर टाकून धुमसाने ठोका, मग पुढचा थर. ओल मुठीवर ओळखा : मातीचा लाडू कमरेइतक्या उंचीवरून टाकला आणि दोन-तीन तुकडे झाले तर बरोबर. भुगा झाला तर कोरडी, हाताला चिकटली तर जास्त ओली. काळी माती पोटात घाला, वर मुरुमाचा 15-20 सें.मी. थर द्या, नाहीतर उन्हाळ्यात भेगा पडतात.

भरावाच्या लांबीला समांतर भेगेपेक्षा आडवी भेग घातक, कारण ती पाण्याला आरपार वाट देते. भेगेच्या तळाखाली आणखी 30 सें.मी. खणा आणि थराथराने भरा. भेगेत सिमेंटचे पाणी ओतायला किंवा महागडे 'गळतीबंद' रसायन घ्यायला दुकानदार सांगेल. घेऊ नका. माती फुगते-आकसते, सिमेंट तसेच राहते आणि त्याच्या कडेने नवी वाट पडते.

बाकीची कामे :
- घुशी, घोरपडी, खेकड्यांची बिळे खणून ठोकून भरणे
- सुटलेले पिचिंगचे (भरावाच्या पाण्याकडच्या उतारावर रचलेले) दगड पुन्हा बसवणे
- मनगटापेक्षा बारीक झुडपे मुळासकट उपटणे
- कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढून आडोशाला ठेवणे

मोठे झाड आता उपटू नका. खड्डा नीट बुजवायला वेळ उरलेला नाही, ते दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर काढा. नुसते खोड तोडले तर मुळे कुजून आत नळी तयार होते.

गाळ नेताना भरावाच्या आतल्या पायथ्यापासून निदान 10 मीटर लांब राहा. पायथा उकरला की भराव तलावात घसरतो.

पावसात बाहेरच्या पायथ्याशी स्वच्छ पाणी झिरपले तर खूण ठेवा आणि रोज पाहा. पाणी गढूळ झाले की आतून माती निघते आहे असे धरा : खालच्या वस्तीला आधी हलवा, तहसीलला कळवा. बाहेरून चिखलाने तोंड बुजवू नका, दाब वाढून पाणी दुसरीकडे फुटते. त्यावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड टाका, म्हणजे पाणी निघते आणि माती अडते. हा तात्पुरता उपाय आहे. 2 जुलै 2019 ला चिपळूणजवळचे तिवरे धरण फुटले, तिथल्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तुमच्या तक्रारीला फोटो जोडा, लघुपाटबंधारेच्या कार्यालयातून पोहोच घ्या, प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.

सांडव्यावरून काढलेली पोती फेकू नका. वाळू भरून पन्नासेक पोती आणि एक ब्रास खडी भरावाच्या टोकाला, गाडी पोहोचेल अशा जागी रचून ठेवा.