बंदूक दुरुस्तीला देताय? या चुका टाळा

भोसरी-चाकण पट्ट्यात लोखंडाचं काहीही बनवून देणारे कारागीर मिळतात, आणि पहिली चूक तिथेच होते. आजोबांच्या दुनळी बाराबोर बंदुकीचा घोडा अडकतो. ओळखीचा लेथवाला म्हणतो, "आणा, पिन फिरवून देतो." तो ती झकास फिरवेलही, पण १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणून दुकानात गेल्यावर आधी परवाना बघा. त्यात दुरुस्ती लिहिली आहे की नुसती विक्री? मुदत कधीपर्यंत आहे? एवढं विचारल्यावर जो चिडेल, त्याच्याकडून सरळ उठून यावं.

वेळ नाही म्हणून मुळशीहून पुतण्याच्या हाती बंदूक पाठवायची असेल, तर परवानाधारकाचं लेखी पत्र त्याच्याजवळ हवंच. दुरुस्तीसाठी नेण्यापुरती ही सोय कायद्यात आहे. पत्र नसेल, तर चांदणी चौकातल्या नाकाबंदीत "काकांची आहे हो" म्हणून सुटका होत नाही.

पावतीवर "बंदूक, १ नग" एवढंच लिहून घेऊ नका. कंपनीचं नाव, नंबर, बोअर (नळीचं माप), बिघाड आणि तारीख, सगळं हवं. दस्त्यावरचे ओरखडे दिसतील असे फोटोही काढून ठेवा.

खरा कारागीर पहिल्या पाच मिनिटांत कळतो. बंदूक हातात येताच तो ती उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना, हे स्वतः बघतो. तुम्ही "रिकामीच आहे" म्हणालात तरी बघतो. मग काडतूस कोणतं वापरता ते विचारतो. जुन्या विलायती बाराबोरचं चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, बऱ्याचदा ६५ मिलिमीटरचं असतं, तर आजचं नेहमीचं काडतूस ७० चं. खोक्यावरची लांबी ही उडाल्यानंतर उलगडलेल्या काडतुसाची असते, त्यामुळे ते आखूड चेंबरमध्येही बिनबोभाट बसतं. उडताना मात्र त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब वाढतो. नळ्या आणि मागच्या भागाचा सांधा ढिला झालाय का, हे तो पुढचं लाकूड काढून तपासतो, कारण तिथली स्प्रिंग ढिलेपणा झाकते. सुट्या नळ्या टांगून बोटाने टिचकी मारली की घंटेसारखा नाद यायला हवा. बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाक सुटलेला असू शकतो. यातलं काही न करता थेट खर्च सांगणारा माझ्या मते बाद.

मनासारखी बंदूक हवी म्हणून नळी आखूड करून मागू नका, तो त्याच कायद्याच्या कलम ६ चा मामला आहे. पॉलिश करताना नंबर घासला गेला तर कलम ८ लागतं. दस्ता मापाचा करून घ्या, हे काम बिनधोक. खांद्याला रबरी पॅड लावताना तेवढं लाकूड कापावं लागतं, नाहीतर दस्ता लांब होतो.

बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर सराव करणाऱ्यांची दुखणी निराळी. स्पर्धेत एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा, म्हणजे निदान तेवढ्या वजनाच्या ओढीने सुटणारा, लागतो. काठावर ठेवून देणाऱ्याकडून थोडा वाढवूनच घ्या. हवेच्या सिलिंडरजवळ साधं तेल वापरणाऱ्याकडे तर फिरकूच नका, दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. सिलिंडर दहा वर्षांपेक्षा जुना असेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नका, स्पर्धेच्या तपासणीत तो चालत नाही. राज्य स्पर्धा तोंडावर आली असताना पिस्तूल उघडायला देऊ नका. विलायती सुटे भाग यायला वेळ लागतो.

परत घेताना डमी (बिनदारूची) काडतुसं घालून दोन्ही चाप दुकानातच ओढून बघा, आणि बदललेली जुनी स्प्रिंग मागून घ्या.